दोन पायांचा ब्रेक

१

ब्रेकच्या कामात मले कोणी शिकवू नये. एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात मी दुसरं काही केलंच नाही. इंजिनवाले मिस्त्री भाव खात, पण घाट उतरून आलेला ड्रायव्हर पाणी प्यायच्या आधी हात जोडे तं ते मले, दयाराम मिस्त्रीले. रिटायर होऊन चार वर्षं झाली. धाड गावाले घर बांधलं, मागं टिनाचं शेड टाकलं, लोखंड पकडायचा एक मोठा वाईस टेबलावर ठोकला अन् ओळखीच्या लोकाईच्या गाड्या करून राह्यलो.

माही स्वतःची एक गाडी आहे. चौऱ्याण्णवची, पांढरी, उंद्रीच्या एका मास्तराकडून घेतलेली. चारही चाकांले जुने ड्रम ब्रेक. गावात फिरायले ठीक होतं. पण पोरगी धम्मशीला नर्स झाली अन् तिले नेमणूक भेटली घाटाखालच्या उपकेंद्रात. सोमवारी दहाच्या आत हजर व्हायचं. इथून बुलढाणा, बुलढाण्यापुढं घाट, घाट उतरून आणखी आठ किलोमीटर. दोन गाड्या बदलून ते जमत नाही. शीला गाडी चांगली चालवते, मीच शिकवली. पण घाटात ड्रम तापले की पाय कितीही दाबा, गाडी ऐकत नाही. तिच्या मायनं, पंचफुलानं, आठ दिवस मले सुखानं घास खाऊ दिला नाही.

"जिंदगीभर लोकाईच्या गाड्या थांबवल्या," म्हणे, "आता लेकीची थांबवा."

म्हणून समोरच्या दोन चाकांले डिस्क ब्रेक बसवायचं ठरवलं. एवढ्या जुन्या गाडीले नवा सेट भेटत नाही. खामगावच्या एका भंगारवाल्याकडं बरोबर बसंल असा पूर्ण सेट भेटला. चकत्या, त्याईले चिमटणारे कॅलिपर, नळ्या, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर, अन् पायाचं पेडल सुद्धा. कोणत्या गाडीचा, ते मी विचारलं नाही. भंगारवाल्याले मालाची कुंडली विचारत नसतात, तो धंद्याचा कायदा आहे.

पण डोळे तं होते मले. पेडलाची लोखंडी दांडी खाली वाकलेली होती. बोटाएवढं जाड लोखंड ते, माणसाच्या पायानं सहसा वाकत नाही. अन् त्याच्यावरचं रबर. ब्रेकचं रबर उजव्या कडेनं झिजते, कारण एकच पाय, तो बी उजवा, बाजूच्या पेडलावरून येते. या रबरावर दोन खळगे होते, शेजारी शेजारी. कोणीतरी दोन्ही पाय देऊन त्याच्यावर उभं राह्यलं होतं.

आमचे फोरमन होते उकंडराव. ते सांगत, ठोकलेल्या गाडीची सीट घे, काच घे, इंजिन घे, पण तिचा ब्रेक घेऊ नको. कारण विचारलं तं म्हणत, लोखंडात बारीक तडे असतात, डोळ्याले दिसत नाहीत. म्हणजे कारण तड्यांचं होतं, दुसरं काही नव्हतं. मी प्रत्येक तुकडा रॉकेलनं पुसला, कोरडा केला, वरून खडूची भुकटी लावून रात्रभर ठेवला. तडा असला तं आत शिरलेलं रॉकेल खडूवर रेघ काढते. एकही रेघ निघाली नाही. दांडी वाईसमध्ये धरून ठोकून सरळ केली. रबर मात्र तेच ठेवलं, त्या मापाचं दुसरं भेटलं नाही.

एक सांगून ठेवतो. आमच्या घरात देव्हारा नाही, गाडीले लिंबू-मिरची नाही. माह्या बापानं ते सारं माह्या जन्माच्या आधी सोडलं. गावात कोणाच्या अंगात आलं की लोक मलेच बोलावतात. मी जातो, त्याले चहा पाजतो, अन् अंगातलं झाड उतरलं म्हणून सांगतो.

२

गुरुवारी सकाळी सेट बसला. राह्यलं फक्त हवा काढायचं काम. नळीत हवेचा एक बुडबुडा राह्यला तरी पेडल भुसभुशीत लागते.

हे काम दोघांचं असते. एक सीटवर, एक चाकापाशी जमिनीवर आडवा. खालचा म्हणते, "दाब." वरचा पेडल तीनदा दाबते. खालचा म्हणते, "धर." वरच्यानं पेडल तळाशी दाबून धरायचं. मग खालचा निप्पल, म्हणजे चाकामागचा हवा काढायचा बारका स्क्रू, ढिला करते, हवा अन् ऑइल बाटलीत येते. निप्पल कसला की म्हणायचं, "सोड." त्याच्या आधी पाय हलला तं हवा परत आत शिरते अन् मेहनत पाण्यात जाते. शीला आठ वर्षांची होती तेव्हापासून माह्यासाठी पेडल दाबत आली. चिंचा तोडायले माह्या खांद्यावर दोन पाय देऊन उभी राहे, तेव्हाचं वय. तिले मी एकच शिकवलं, आभाळ कोसळलं तरी सोड म्हणल्याशिवाय पाय उचलायचा नाही. तिनं कधी उचलला नाही.

मागची दोन चाकं झाली, समोरचं डावं झालं. माह्या प्रत्येक शब्दाले ती वरून हाव, हाव म्हणत होती. बाटली भरली म्हणून ती रिकामी करायले मी कोपऱ्यात गेलो, पिंपाशी हात धुतले, परत येऊन उजव्या चाकापाशी पोत्यावर आडवा झालो. तेवढ्यात स्टँडवरून साडेनऊच्या बसचा हॉर्न आला. आमची साडेनऊची बस कधीच साडेनऊले सुटत नाही, दहा मिनिटं आधी निघते अन् लोक शिव्या देत मागं पळतात.

"दाब," मी म्हणलं.

पेडल कुरकुरलं. एकदा, दोनदा, तीनदा. धर म्हणलं अन् निप्पल ढिला केला, तं ऑइलची धार एवढ्या जोरानं सुटली की बाटली हातातून उडाली. असा जोर मी भल्या भल्या ड्रायव्हरच्या पायात पाह्यला नव्हता. हळू दाब वं बाई, म्हणलं. वरून काही उत्तर आलं नाही. कंटाळली असंल, असं समजून मी काम पुढं नेलं. सहा वेळा दाब, धर, सोड झालं. सहाही वेळा पेडल माह्या शब्दाबरोबर खाली गेलं अन् शब्दाबरोबर वर आलं. मले बरं वाटलं, पोरगी काम शिकली म्हणून.

शेवटचा निप्पल कसून मान वळवली, तं शीला स्वयंपाकघराच्या दारात उभी. एका हातात फोन, दुसऱ्या हातात माह्यासाठी चहा. उपकेंद्रातल्या ताईंचा फोन आला म्हणून ती उतरली होती. दहा मिनिटं झाली म्हणे.

"एक चाक राह्यलं न बाबा? येऊ का?"

"झालं ते," मी म्हणलं. चहा घेतला, अन् पेला खाली ठेवून दिला.

ऑइल आपल्या वजनानं बी उतरते. निप्पल उघडा ठेवला की थेंब थेंब येतेच, कोणी दाबलं नाही तरी. हे मी दिवसभर स्वतःले सांगतलं. पण थेंबानं बाटली उडत नाही.

३

ब्रेकचं काम झालं की पहिली ट्रायल मिस्त्रीनं घ्यायची, अन् एकट्यानं घ्यायची. शुक्रवारी मी गाडी बुलढाणा रोडले काढली. काय सांगू, ब्रेक असा लागे की जीव खुश व्हावा. नुसता पाय टेकवला की गाडी जागेवर. तीनचारदा मुद्दाम दाबून पाह्यला अन् मनातल्या मनात भंगारवाल्याले दुवा दिली.

मग एक गोष्ट ध्यानात आली. मी ॲक्सिलेटरवरून पाय उचलून ब्रेकवर नेऊन राह्यलो होतो, अन् पाय पोचायच्या आधी पेडल खाली गेलेलं राहे. केसभर आधी. माहा पाय रबरावर पडे तेव्हा ते दबलेलंच असे. म्हणलं, बूस्टर हवा ओढत असंल.

नाल्याच्या अलीकडं एक वळण आहे, बाजूनं बाभळी. चाळीसच्या आसपास होतो. पाय ॲक्सिलेटरवर होता, ब्रेकचा विचार बी डोक्यात नव्हता. पेडल धाडकन जमिनीले टेकलं. गाडी फरफटत थांबली अन् माही छाती स्टिअरिंगवर आदळली. मागून काळीपिवळी जीप येऊन राह्यली होती, ती जेमतेम बाजूनं निघाली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून माह्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो बरोबर होता. मधातच थांबणारी गाडी अन् न थांबणारी गाडी, दोन्ही सारख्याच.

मी खाली पाह्यलं. पेडल अजून तळाशीच होतं. माहे दोन्ही पाय बाजूले होते. मग ते हळूहळू वर आलं.

वळणाच्या पलीकडं उसाची ट्रॉली एक्सल तुटून रस्त्यावर आडवी पडली होती. जीपवाल्यानं बी तिथं करकचून ब्रेक मारला. मले ती दिसलीच असती, अन् चाळीसच्या स्पीडले मी आरामात थांबलो असतो. तिचा याच्याशी काही संबंध नव्हता. मी गाडी वळवून दुसऱ्या गिअरात घरी आणली.

४

शनिवारी सकाळी बूस्टर खोलला. त्याचा पडदा फाटला की ब्रेक आपोआप लागू शकते, ते माहीत असलेलं दुखणं आहे. पडदा नव्यासारखा होता. व्हॉल्व्ह साफ होता, स्प्रिंग जागेवर होती. परत बसवला. मग रबरावर अन् खालच्या मॅटवर खडूची भुकटी भुरभुरली, काचा वर केल्या, गाडीले कुलूप लावलं अन् चावी बंडीच्या खिशात ठेवली. आता उंदीर असला तरी त्याचे पाय उमटतीन.

वाईसपाशी बसून मी दुसऱ्याच्या गाडीचं एक काम करत होतो. स्टँडवरून साडेनऊच्या बसचा हॉर्न आला. मागोमाग शेडमध्ये पेडल कुरकुरलं.

मी उठलो नाही लगेच. हातातलं काम तसंच धरून बसून राह्यलो. मग स्वतःचीच लाज वाटली अन् काचेपाशी जाऊन वाकलो.

पेडल खाली जाऊन राह्यलं होतं. हळू नाही, जोरानं बी नाही, जसं आपण उतारावर दाबतो तसं. तळाशी गेलं, अन् तिथंच राह्यलं. अन् थरथरत होतं. लय वेळ जोर लावला की मांडी थरथरते, त्याची ओळख आहे मले, घाटातल्या ड्रायव्हरांच्या मांड्या मी पाह्यल्या आहेत. रबरावरच्या खडूत दोन ठसे होते. लहान, निमुळते. मॅटवर काहीच नव्हतं.

दार उघडून मी हात घातला अन् पेडल खालून वर ओढलं. आलं नाही. त्याच्यावर वजन होतं. यंत्राचं अडकणं वेगळं असते, ते मले कळते. हे माणसाचं वजन होतं. मी हात मागं घेतला तेव्हा पेडल सुटलं, अन् सीटची स्प्रिंग वाजली, कोणी मागं टेकलं की वाजते तशी.

शेडमध्ये ब्रेकच्या जळक्या पॅडचा वास येत होता. समोरच्या चाकात बोट घालून चकती चाचपली अन् ओरडलोच, बोटाले फोड आला. मग तांब्यातलं पाणी तिच्यावर टाकलं. चर्र झालं, वाफ निघाली. ती गाडी कालपासून जागची हलली नव्हती.

५

रविवारी सारा सेट उतरवला. ड्रम परत चढवले, त्याले लायनरच्या नव्या पट्ट्या टाकल्या, जुनं पेडल लावलं, शेजारच्या राजकुमारले सीटवर बसवून हवा काढली. दिवसभर ड्रमचा ब्रेक सेट केला, दोनदा ट्रायल घेतली. एवढ्या मन लावून मी कधी ड्रम बसवले नसतीन.

पंचफुला दारात येऊन पाहत राह्यली. चांगला बसवलेला माल काऊन काढून राह्यले, असं तिनं विचारलं. मी म्हणलं, कॅलिपर गळून राह्यला. माह्या बोटाच्या फोडाकडं पाहून ती आत गेली. चाळीस वर्षांचा संसार आहे, माहं खोटं तिले वासानं कळते.

जेवताना शीलानं विचारलं, "बाबा, ड्रमवर घाट जमंल न?"

तेव्हा सांगायचं होतं. गाडी नेऊ नको, पहिल्या दिवशी उशीर झाला तं होऊ दे, एवढंच सांगायचं होतं. पण तिनं काऊन विचारलं असतं. अन् ज्या माणसानं जिंदगीभर गावाले भूत नसते म्हणून सांगतलं, त्यानं स्वतःच्या लेकीपाशी काय सांगावं? की पेडलावर कोणीतरी बसून राह्यलं, म्हणून तू जाऊ नको?

"मी पंधरा वर्षं उतरलो त्याच ड्रमवर," मी म्हणलं. "दुसरा गिअर टाक, अन् ब्रेकवर पाय ठेवून बसू नको. काही होत नाही."

"हाव," ती म्हणे, अन् ताटातली भाकर मोडली. माह्या बोलण्यावर तिचा एवढा भरोसा आहे. मी ताट सरकवून हात धुवायले उठलो.

६

आज सोमवार. साडेआठले ती निघाली. पांढरा ड्रेस, नवी सँडल, मागच्या सीटवर डबा. जय भीम बाबा म्हणाली, मायच्या पाया पडली, अन् आरशात पाहून गाडी अशी वळवली की मले बरं वाटलं. कोपऱ्यावर ब्रेकचा लाल दिवा लागला अन् विझला.

मी शेडमध्ये आलो. ते पेडल टेबलावर पडलं होतं. म्हणलं, याचे दोन तुकडे करून टाकू, म्हणजे दुसरा कोणी गाडीले लावणार नाही. दांडीचं वरचं टोक वाईसमध्ये आडवं कसलं, रबराचं टोक बाहेर मोकळं. हॅकसॉ घेतली अन् मधातून कापायले बसलो. लोखंड चांगलं आहे, ब्लेड घसरते. निम्मं कापून झालं.

स्टँडवरून साडेनऊच्या बसचा हॉर्न आला.

हात थांबला. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वीस झाले होते. साडेआठले निघाली. बुलढाण्याले पाऊण तास. म्हणजे ती आता घाटात आहे.

रबर दबलं. माह्या डोळ्यासमोर, वाईसमध्ये धरलेलं, कोणत्याच गाडीले न जोडलेलं रबर. आधी उजवा खळगा खोल गेला. मग डावा बी.

ते माह्या जिवावर नव्हतं उठलं. शुक्रवारी ते ट्रॉलीच्या आधी दबलं होतं, मले थांबवायले, अन् मी त्याले गाडीतून उपटून काढलं. घाटातल्या गाडीत ड्रम आहेत, मीच काल लावलेले.

मी शीलाले फोन लावला अन् टेबलावर ठेवला. रिंग जाऊन राह्यली आहे. ती उचलत नाही.

दांडी खाली वाकू लागली आहे. मी सरळ केली होती तिथंच, त्याच जागी. अन् माहा काप वरून उघडू लागला आहे, आधी कागदाएवढा, आता नखाएवढा. पेडलाले खालून जोर पाहिजे. खालून कोणी धरलं नाही तं पाय सरळ तळाशी जाते अन् गाडी थांबत नाही. ही गोष्ट मी नव्या पोरांले पहिल्या दिवशी सांगत होतो.

हॅकसॉ फेकून मी गुडघ्यावर बसलो अन् दांडीखाली खांदा लावला. काप मुठीत आवळून धरला. लोखंडाची कोर तळहातात शिरली आहे. वरून जोर येतो आहे, खांद्यावर दोन पायांचा. थरथरते ते दोन्ही पाय. हे वजन मले नवं नाही, चिंचेच्या झाडाखाली हे याच खांद्यावर उभं राहे.

स्वयंपाकघरातून पंचफुला विचारून राह्यली, पोचली का शीला?

"धर," मी म्हणतो. "धर शीला, धर."

रिंग संपली. फोन आपोआप बंद झाला. माहे दोन्ही हात गुंतले आहेत, परत लावता येत नाही. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं आहे, पण दांडी अजून तुटली नाही, अन् वरचे पाय अजून उचलले गेले नाहीत. ते उचलले जाणार नाहीत. तिले मी शिकवलं आहे, आभाळ कोसळलं तरी.

अन् मी सोड म्हणत नाही.